तिसऱ्या अंकात गाणं नाही

माझा आवाज गोड आहे, ही बातमी मुलुंड पूर्वेत मीच पसरवली होती. दुसरं कुणी पसरवेना, मग काय करणार? चौतीस वर्षांची झाले होते, एका मुलीची आई होते, आठवड्यातून तीन दिवस घाटकोपरला बाईंकडे गाणं शिकायला जात होते आणि लोक मला अजून 'ती दुसऱ्या मजल्यावरची' म्हणत होते. 'ती गाते ती' असं कुणीतरी म्हणावं, एवढी माझी माफक इच्छा होती.

त्या काळातला माझा एक फोटो आहे. तंबोरा खांद्याला, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या नातीनं तो पाहिला आणि विचारलं, "आजी, तुला झोप आली होती का गं?" झोप नव्हती बाळा, कलावंतीण आली होती अंगात.

आमच्या बाई कडक. पांढरं पातळ, कपाळाला बारीक कुंकू, आणि शिष्या चुकली की फक्त तंबोरा वाजवायचं थांबवायच्या. ओरडणं नाही, काही नाही. तंबोरा थांबला की आपलं नुसतं आ वासलेलं तोंड उरायचं, आणि त्याच्याइतका अपमान जगात दुसरा नाही. नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही जाहीर कार्यक्रमात एकटीनं बसवलं नव्हतं. मागे बसून तंबोरा, फार तर कोरसमध्ये दोन ओळी. मी विचारलं की म्हणायच्या, "सूर आहेत गं तुझ्याकडे. सांगायला काय आहे?" मला वाटायचं, बाईंना मत्सर वाटतो. खरंच वाटायचं! आता लिहिताना सुद्धा कान गरम होतात.

आणि मग ती संधी आली. वाकोल्याला एक जुने नाटककार राहत. एके काळी शाळामास्तर होते म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तरुणपणी त्यांनी पाच संगीत नाटकं लिहिली होती. छोट्या कंपन्यांनी ती कोकणात गावोगाव केली, मग बोलपट आले, कंपन्या बुडाल्या आणि नाटकंही त्यांच्याबरोबर गेली. मास्तरांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. आमच्या उपनगरातल्या संगीत मंडळानं ठरवलं, की त्यांचा सत्कार करायचा. नारळ, शाल आणि भाषणं ठरली, तेवढ्यात आमच्या बाई उठून म्हणाल्या, "त्यांच्या नाटकांतली पदं म्हणू नका. पदं कुणीही म्हणेल. त्या नाटकांवरून नवं काही सुचतं का बघा. नाटकातलं एक माणूस घ्यायचं, आणि ते रागात उभं करायचं. माझ्या पाच मुली करतील."

पाच नाटकं, पाच शिष्या, प्रत्येकीला अर्धा तास. पाचवी मी.

अर्धा तास! मी घरी आले ती जिना चढलेच नाही, तरंगत आले. यजमान विक्रोळीच्या कारखान्यातून येऊन चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "मला अर्धा तास मिळाला."

"कशासाठी? दळण आणायला?"

हा मनुष्य पुढे पस्तीस वर्षं असाच होता.

बाईंनी प्रत्येकीला एकेक चोपडं दिलं. त्या काळी संगीत नाटकाच्या दारात पदांचं छोटं पुस्तक विकायला असे. पहिल्या दोन पानांवर गोष्टीचा गोषवारा, मग पदं. लोक ते मांडीवर ठेवून नाटक बघत. पण पुस्तक विकणारेही बिलंदर. गोषवारा दुसऱ्या अंकापर्यंत आणायचे आणि लिहायचे, 'पुढे काय घडते ते रंगभूमीवरच पाहावे.' नाहीतर चोपडं घेऊन माणूस दारातूनच परत गेला असता.

माझ्या वाट्याला आलेलं नाटक खाडीकाठच्या एका बाईचं होतं. नवरा तर चालवणारा. तर म्हणजे या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी होडी. तो मुंबईला जातो, तिथंच रमतो, पत्रं यायची थांबतात. ती काठावर वाट बघते. दोन अंकांत मिळून अकरा पदं, सगळी वाट बघण्याची. पुढे रंगभूमीवरच पाहावे.

आता साध्या बुद्धीचं कुणीही म्हणेल, की बाई, नाटक शोधून वाच. पण माझी बुद्धी साधी नव्हती ना! मला वाटलं, कळलं सगळं. विरहिणी आहे. विरहिणीला काय लागतं? मारवा लागतो, विलंबित एकताल लागतो आणि 'पिया' लागतो. मी स्वतः बंदिश रचली. चार ओळींत तीन वेळा 'पिया' आणि दोन वेळा 'नैनन नीर'. उरलेल्या जागेत होडी कशीबशी बसवली. कोमल रिषभावर मी अशी काही रेंगाळायचे, की शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवून विचारलं, "सगळं ठीक ना गं? कुणाचं काही बरंवाईट नाही ना झालं?" मी तो माझ्या गाण्याचा गौरव समजले.

या सगळ्यात सासूबाई कुठे होत्या? स्वयंपाकघरात. त्या सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या, मी गिरगावातली. या एका वाक्यात माझा त्या वेळचा सगळा माज आला. माझ्या गाण्याला त्या 'आ आ' म्हणत. "तुझा आ आ झाला की भात लावतंय," असं. रियाजाला बसताना मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेत असे. वाटणाचा आवाज रिषभाला लागतो म्हणून. रिषभाला! त्याच वाटणाची आमटी मात्र जेवताना दोनदा घ्यायची.

कार्यक्रमाला तीन आठवडे राहिले तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तरांना एकदा ऐकवून येऊ. त्यांचं माणूस आहे, त्यांना विचारायला हवं." बाकीच्या चौघी आधी जाऊन आल्या होत्या. मी आणि बाई बसनं वाकोल्याला गेलो.

मास्तर पुतणीकडे राहत. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत तुळस, खाटेवर चौकडीची चादर. मास्तर अगदी लहानखुरे, पण बसलेले ताठ. डावा कान गेलेला, त्यामुळे उजवा कान पुढे करून ऐकत. पुतणीनं पोहे दिले. ते संपेपर्यंत मास्तरांनी गाण्याचा विषय काढला नाही. मग हात धुऊन आले, बसले आणि म्हणाले, "हं. आणा तिला."

मी आणलं. पंचवीस मिनिटं आणलं. डोळे मिटून, मान तिरकी करून. शेवटचा 'पिया' सोडला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी होतं.

मास्तरांनी पुढे केलेला कान मागे घेतला. मग म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण ही बाई कोण?"

मी मनात म्हटलं, झालं. वयामुळे विसरतात बिचारे. मोठ्या आवाजात, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "मास्तर, तुमच्याच नाटकातली. खाडीकाठची."

"असं? ओळख पटली नाही." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही नाटक वाचलंत ना?"

आणि मी म्हटलं, "हो तर! दोनदा."

एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला बक्षीस हवं होतं ना, दोनदाचं.

"दोनदा!" मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "वा. भाग्यवान आहात. मग असं करा, तिसऱ्या अंकातली ती गा. ती खरी तिथं आहे. या दोन अंकांत ती नुसती इतर नाटकांतल्या बायकांसारखी आहे. ते माझंही शिकणंच चाललं होतं."

बाई आणि मी परतीच्या बसनं पवईपर्यंत आलो. तलाव दिसायला लागला तेव्हा म्हणाल्या, "ऐकलंस ना? तिसऱ्या अंकाचं नवं कर. एक दिवस आधी मला ऐकव. या वेळीही नुसता आवाज घेऊन आलीस, तर तुझा अर्धा तास मी इतर चौघींना वाटून देईन. आणि मग पुन्हा माझ्याकडे मागू नकोस. नऊ वर्षं झाली. तुलाही कळू दे, मलाही कळू दे."

म्हणजे नऊ वर्षांचं सगळं त्या अर्ध्या तासात आलं. आणि तो अर्धा तास होता अशा अंकात, जो मी दोनदा वाचला होता आणि एकदाही पाहिला नव्हता.

आता मास्तरांना विचारायची सोय नाही, बाईंना सांगायची हिंमत नाही. मी ग्रंथालयं पालथी घातली. मुलुंडच्या ग्रंथालयात कार्ड निघालं, पुस्तक निघालं नाही. ग्रंथपाल म्हणाले, "वाळवी. तो अख्खा कप्पा गेला." घाटकोपरला त्या नावाचं पुस्तक निघालं, आत लोणच्या-मुरंब्याच्या कृती. मी कपाळाला हात लावला. यजमानांना दया आली आणि त्यांनी कारखान्यातल्या एका नाटकवेड्या सहकाऱ्याला विचारलं. संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाले, "काम झालं तुझं. तो म्हणतो, शेवटी ती विहिरीत उडी मारते."

"खात्रीनं?"

"त्याच्या काकांनी नाटकात काम केलंय म्हणे. विहिरीजवळ उभे होते ते."

मला इतका आनंद झाला! बाई विहिरीत पडते म्हणून एखाद्या बाईला इतका आनंद झाल्याचं दुसरं उदाहरण नसेल. दोन दिवसांत मी बंदिश उभी केली. तार षड्जावर ती काठावर उभी, आणि तिथून एकदम सगळे सूर सोडून खालच्या षड्जावर. धप्प. ही उडी साधायला मी सकाळपासून दहा-बारा वेळा पडले असेन. तेराव्या उडीला स्वयंपाकघराचं दार उघडलं. सासूबाई. हाताला कोळंबीचा वास, पदर खोचलेला.

"काय गो, मगापासून धपाधप पडता कोण?"

मी वैतागून म्हटलं, "आई, मी रियाज करतेय. ती विहिरीत उडी घेते."

"कोण ती?"

"नाटकातली आहे. तुम्हाला नाही कळायचं. खाडीवर तर असते, नवरा मुंबईला जातो..."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. तोंडाला पदर लावायचा तर हाताला कोळंबी, म्हणून उघड्या तोंडानं हसल्या.

"खाडीवरच्या बायलेक विहीर कित्याक लागता गो? पाणी काय कमी आसा तिच्याकडे?"

माझ्या नऊ वर्षांच्या शास्त्रीय शिक्षणात हा प्रश्न मला पडला नव्हता.

"आणि ती मरना नाय," त्या म्हणाल्या. "मी बघलंय ता नाटक. सात येळा."

सात वेळा! मी तंबोरा आडवा ठेवला. मग कळलं, की त्या पंधरा-सोळा वर्षांच्या असताना ती कंपनी त्यांच्या गावात आली आणि पलीकडच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेल्यामुळे आठवडाभर अडकली. दुसरं नाटकच तयार नव्हतं, म्हणून सात दिवस तेच केलं. आणि सात दिवस सगळं गाव तेच बघायला गेलं, कारण दुसरं काय बघणार? शिवाय सासूबाईंचे वडील तर चालवत. कंपनीचं सामान त्यांच्याच होडीतून आलेलं, आणि मंचावर ठेवायला होडीही त्यांचीच नेलेली. म्हणजे घरचीच होडी नाटकात काम करत होती.

बारा वर्षं मी या बाईंच्या घरात राहत होते. आमच्या बोलण्याचे विषय किती? मीठ, मुलगी, नळाचं पाणी. त्यांनी कधी नाटक पाहिलं असेल असं मला सुचलंच नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "तू खंय इचारलंस?"

"आई, तिसऱ्या अंकात काय होतं?"

"बस हंय." त्यांनी मला ताट दिलं. "सोलता सोलता सांगतंय."

मी, मारवा गाणारी, कोळंबी सोलायला बसले.

"दुसरो अंक सरता तेव्हा ती वाट बघून बघून कंटाळता," त्या सांगू लागल्या. "आणि तिसऱ्यात पडदो वर गेलो की ती होडीत! घोवाचा वल्हां हातात. तर तीच चालयता आता. भर दुपार. आणि घोव येता मुंबैसून, कोट घालून. तो मेलो तिका वळखणाच नाय. उन्हान काळी झालेली ना! 'ए तरवाले, पलीकडे घेऊन चल,' म्हणता. ती घेता. मदीच थांबता आणि म्हणता, 'पावण्यानू, माझो हात दुखता. जरा वल्हां घेवा.'"

"आणि?"

"आणि काय, तो घेता. कोट काढता, बाह्या वर करता, आणि वल्ही मारूक लागता. इसारलेलो मेलो! होडी गोल गोल. ती बसून बघता. सगळो मांडव हसाक लागलो. माझो बापूस तर हसान हसान खाली बसलो, कारण तो नट खरोखरच उलटी वल्ही मारी होतो."

"मग शेवटी ती काय गाते?"

"गायत नाय."

"काहीतरी पद असेल ना! अकरा पदं आहेत आधी."

"तिसऱ्या अंकात गाणा नाय. एक पण नाय. गातली कशी गो? हातात वल्हां आसा मां!" त्या अगदी सहज म्हणाल्या, भात शिजलाय म्हणावं तसं. "रडणा, गाणा, ता सगळा पयल्या दोन अंकांत. मगे काम."

माझ्या हातातली कोळंबी तशीच राहिली. गाणंच नाही, आणि मास्तर म्हणतात ती खरी तिथं आहे. मग गायचं काय?

"मग तिथं ऐकू काय यायचं?" मी विचारलं.

"वल्हां. पडद्यामागे एक जण घंगाळात पाणी घेऊन वल्हां मारी. त्याका पण माझ्या बापसानच शिकयला. तो पयलो आपलो पाण्यात हात घातल्यासारखो मारी होतो." त्यांनी पालथं पातेलं पुढे ओढलं, कालथा उचलला. "असा. वर नेताना कायच वाजूचा नाय. मगे ओढ, ओढ."

कालथा हवेतून सावकाश मागे गेला. काही आवाज नाही. मग पातेल्यावर एक ठोका, आणि एक ठोका. पुन्हा हवेत. पुन्हा दोन.

मी बोटांवर मोजलं. हवेत तीन, मग दोन आणि दोन. सात! रूपक! तबल्याचा तो सात मात्रांचा ताल, ज्याची सगळी गंमत अशी की तो सुरू होतो तीच जागा रिकामी. बाकी तालांत समेवर भार पडतो, याच्यात समेवर हात उचललेला. बाईंनी हे मला चार वर्षं समजावलं होतं, मी चार वर्षं मान हलवली होती, आणि ते मला कोळंबीच्या ताटाशी बसून कळलं.

"आई, पुन्हा करा."

"भात लावूचो आसा."

"भात मी लावते. तुम्ही पुन्हा करा."

शब्द नकोत हे मग आपोआपच ठरलं. तराणा करायचा. तराण्यात अर्थाचे शब्दच नसतात, नुसते तोम, तन, देरेना असे बोल. ती बोलत नाही, गात नाही, तिचं फक्त वल्हं चालतं. आणि भर दुपार म्हणजे सारंग. मारवा गेला, विहीर गेली, सगळे 'पिया' गेले. चार दिवस आमच्या घरात पातेलं वाजत होतं. मी चुकले की सासूबाई म्हणत, "बुडलंस!" बाईंचा थांबलेला तंबोरा यापुढे काहीच नव्हता.

आदल्या दिवशी बाईंना ऐकवलं. ऐकताना त्यांचा तंबोरा थांबला नाही. संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला दुपारचा सारंग?"

"बाई, तिच्याकडे दुपार आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत मी वेळेच्या नियमावर उलट बोलले नव्हते. "बरं," त्या म्हणाल्या. "रंगमंचावर दुपार असली तर दुपार. उद्या सुरुवातीला दोन वाक्यं बोल. नाटक वाचून तुला काय सुचलं ते."

पुन्हा तेच. नाटक वाचून.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. मास्तर पहिल्या रांगेत, मांडीवर शाल, उजवा कान मंचाकडे. सासूबाई तिसऱ्या रांगेत, नवं नऊवारी नेसून, हातात रुमाल. माझ्या कार्यक्रमाला त्या प्रथमच आल्या होत्या, कारण मी प्रथमच बोलावलं होतं. शेजारी यजमान आणि मुलगी. आधीच्या चौघी सुंदर गायल्या. मी माईकसमोर बसले. बोलायचं वाक्य पाठ होतं: मास्तरांचं नाटक वाचताना मला जाणवलं की.

मी म्हटलं, "मास्तरांचं नाटक मी वाचलेलं नाही."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बाई विंगेत उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

"मी त्यांना दोनदा वाचलं असं सांगितलं. एकदाही वाचलं नव्हतं. तिसऱ्या अंकात काय आहे ते मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी सात वेळा पाहिलंय. वल्हं कसं मारतात तेही त्यांनीच शिकवलं. चुकलं तर माझं. जमलं तर त्यांचं आणि मास्तरांचं."

आणि सुरू केलं. आता वाटेल, खरं बोलल्यावर गाणं कसं लख्ख झालं असेल. छे! पहिल्याच आवर्तनात मी समेवर भार दिला. उचलायच्या जागी ओढलं. तबलजींनी चमकून बघितलं. दुसऱ्यांदाही तेच. बुडलंस, मी मनात म्हटलं. आणि तिसऱ्या रांगेकडे नजर गेली. सासूबाईंचे दोन्ही हात मांडीवर मुठी वळून होते आणि हळूहळू हलत होते. वर नेताना रिकामे. मग ओढ, ओढ. भर सभेत, नव्या लुगड्यात, आमची म्हातारी होडी चालवत होती.

मी तिच्या हातांवर डोळे ठेवले आणि होडीत बसले. तिथून पुढे मान तिरकी झाली नाही, डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर हात कसे दिसले असते? शेवटच्या भागात मी कोट घातलेल्या त्या नवऱ्याला वल्हं दिलं, म्हणजे तान मुद्दाम गोल गोल फिरवली, आणि लोक चक्क हसले. शास्त्रीय गाण्याला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आवाज तो आहे.

संपल्यावर मास्तर सत्काराला उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, मंचावर येतील. ते उलट मागे वळले आणि काठी टेकत तिसऱ्या रांगेपाशी गेले. "सात वेळा पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

सासूबाई उभ्या राहिल्या. "होय तर. पूल व्हावान गेल्लो."

"त्याच्यातलं बोलणं आठवतं काही?"

"सगळा आठावता."

"मला नाही आठवत," मास्तर म्हणाले. "पाचांपैकी या एकाची प्रत माझ्याकडेही नाही. कुठेच नाही. वीस वर्षं शोधतोय." मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, "म्हणून तुम्ही दोनदा वाचलं म्हणालात तेव्हा मला फार आशा वाटली होती हो."

हॉल हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

बाई विंगेत तंबोऱ्यांना गवसण्या घालत होत्या. मी जवळ गेले, तर वर न बघता म्हणाल्या, "पहिली दोन आवर्तनं वाईट होती." मग गाठ मारत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाऊण तास घे. आणि सासूबाईंना पुढे बसव."

त्यानंतर तीन महिने दर रविवारी दुपारी मास्तर आमच्याकडे येत. सासूबाई सांगत, मी वहीत लिहून घेत असे आणि मास्तर उजवा कान पुढे करून स्वतःचं नाटक ऐकत. मधेच त्यांना नवं काही सुचे. "इथं नवरा माफी मागतो असं करू या का?"

"नाय मास्तरानू, तुमी असा लिवलास नाय."

"अहो, पण मीच लिहिणारा ना!"

"असात. पण मी बघलंय."

मास्तर निमूटपणे खोडत. यजमान दाराशी उभे राहून ऐकत आणि 'झकास' म्हणत. विहिरीजवळ उभ्या असलेल्या त्या काकांचं काय झालं, ते आम्ही कुणीच काढलं नाही.

शेवटचा रविवार तिसऱ्या अंकाचा. मी विचारलं, "मास्तर, या अंकात एकही पद का ठेवलं नाहीत?" मला मोठं काहीतरी ऐकायचं होतं. तेव्हाही सवय गेली नव्हती.

मास्तर मिशीत हसले. "खरं सांगू? तिचं काम करणारा नट होता ना, त्याला अकरा पदांना वन्समोअर मिळायचे. तिसऱ्या अंकापर्यंत त्याचा घसा बसलेला असायचा. कंपनीच्या मालकानं सांगितलं, शेवटच्या अंकात गाणं नको. म्हणून नाही."

मी खट्टू होऊन पेन खाली ठेवलं. सासूबाई मात्र हलल्या नाहीत.

"खोटा," त्या म्हणाल्या. "तिच्या हातात वल्हां होता म्हणान."

"अहो, मी सांगतोय ना, घसा..."

"तो घसो नटाचो. तिचो न्हय."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या पुढ्यातली वही ओढून घेतली, माझं पेन घेतलं, आणि तिसऱ्या अंकाच्या अगदी वर, होडीच्याही आधी, आपल्या अक्षरात कंसात लिहिलं: ती गात नाही. तिच्या हातात वल्हं आहे.

"आता बरोबर?" त्यांनी विचारलं.

"होय," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.